धडधडणारं काळीज, धावणं आणि प्रार्थना: तुम्ही भीतीशी कसं वागता?

सुरूबनातली

नमस्कार मंडळी,

धावण्याच्या धाग्यांवर इथे शूज, गुडघे, वेग यांवर भरपूर लिहिलं जातं आणि मी ते आवडीने वाचते. मला मात्र एका वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय. मी वसईची, कॅथलिक घरातली, चाळिशी ओलांडलेली. पळायला लागले ती वजनासाठी नाही आणि पदकासाठी तर नाहीच. मला माझ्याच छातीतल्या धडधडीची भीती वाटायची, म्हणून पळायला लागले.

बाबा हार्ट अटॅकने गेले. पंचावन्नही पूर्ण झाली नव्हती. त्यानंतर काही महिन्यांनी एका संध्याकाळी विरार लोकल भाईंदरच्या खाडीवर थांबली होती. दारात वारा होता, गर्दीही नेहमीपेक्षा कमीच. अचानक काळीज धाडधाड उडायला लागलं. बोटांना मुंग्या, घशाला कोरड, डोळ्यांपुढे अंधारी. मनात एकच, आता मीही चालले बाबांच्या मागे. डब्यातल्या बायकांनी तोंडावर पाणी मारलं, नायगावला उतरवलं, एकीने तर स्वतःची गाडी सोडून घरचे येईपर्यंत माझा हात धरून ठेवला.

ईसीजी, टूडी एको, स्ट्रेस टेस्ट, सगळं झालं. सगळं नॉर्मल. एका ठिकाणी "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकवून घरी पाठवलं. पण ते पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. मग जिना चढायची भीती, गाडी पकडायला धावायची भीती, लग्नात नाचायची भीती. ज्या ज्या गोष्टीने छाती धडधडते ती प्रत्येक गोष्ट मी सोडत गेले. शेवटी बहिणीने हट्टाने मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. पॅनिक डिसऑर्डर. गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही सुरू झालं. समुपदेशक बाईंनी पहिला गृहपाठ दिला तो जिन्याचा. दोन मजले भराभर चढायचं, वर उभं राहायचं आणि धडधड आपोआप शांत होईपर्यंत काहीही करायचं नाही. बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, नाडी मोजायची नाही. तिथून चालणं, चालण्यातून पळणं.

आता विश्वासाचा भाग, ज्यासाठी खरं तर हा धागा काढला.

आमच्याकडे लोक प्रेमाने सांगतात, "प्रभूवर विश्वास ठेव, भीती पळून जाईल." मी ठेवला. भीती गेली नाही, उलट तिच्या जोडीला अपराधीपणा आला. माझाच विश्वास कच्चा म्हणून देव ऐकत नसेल, असं वाटायचं. त्या वर्षी पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, चर्चमध्ये जागरणाच्या आराधनेला बसले होते. येशूला पकडण्याआधी त्याने जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेचा उतारा वाचला गेला. लहानपणापासून शंभरदा ऐकलेला. येशू मित्रांना सांगतो की माझा जीव अतिशय व्याकूळ झालाय, तुम्ही माझ्याबरोबर जागे राहा. शुभवर्तमानात लूक तर लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. तो दुःखाचा प्याला टळावा म्हणून तो बापाकडे गयावया करतो. म्हणजे ज्याच्याकडे मी भीती घालवून मागत होते, तो स्वतः रात्रभर थरथरला होता. आणि तरी उठून पुढे गेला. त्या रात्रीपासून माझी प्रार्थना बदलली. भीती काढून घे असं मागणं बंद केलं. माझ्याबरोबर जागा राहा, एवढंच मागते.

माझा नेहमीचा रस्ता भुईगावच्या बाजूचा. पहाटे वाड्यांमधून फुलांचे, भाजीचे हारे दादरला जायला स्टेशनकडे निघालेले असतात, तोवर रस्त्यावर जाग असते. वस्ती संपली की मिठागरांमधला सरळ पट्टा लागतो. दोन्ही बाजूंना पाणी, माणूस नाही, सावली नाही. माझी भीती नेमकी तिथे यायची, कारण इथे पडलो तर कोण उचलणार! घड्याळात ठोके बघायचे, आकडा बघून घाबरायचे, घाबरल्यावर आकडा आणखी वाढायचा. समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून घड्याळातला ठोक्यांचा पडदाच बंद केला. त्याऐवजी बोटात दहा खुणांची रोझरीची, म्हणजे जपमाळेसारखी, अंगठी घालते. दोन पावलांत श्वास आत, "प्रभू येशू". दोन पावलांत बाहेर, "दया कर". एक खूण सरकवायची. पट्टा संपतो तिथे रस्त्याकडेला दगडी क्रूस आहे, तिथे चालत श्वास घ्यायचा आणि मागे वळायचं.

भीती अजूनही येते. कमी येते, पण येते. मात्र ती आली की मी थांबत नाही.

तुमच्यापैकी कोणी असं धावताना भीतीला तोंड दिलंय का? विश्वासाचा त्यात काय वाटा? ख्रिस्ती नसलात तरी लिहा.

---

कृष्णाकाठ

फार प्रामाणिक लिहिलंत, ताई. मी साताऱ्याचा, यवतेश्वरच्या घाटात पळतो. देवधर्म मानत नाही, हे आधीच सांगतो.

एक प्रश्न मनापासून विचारतो, राग मानू नका. पावलांच्या ठेक्यावर "प्रभू येशू, दया कर" म्हणणं आणि मी घाटात चढावर एक ते शंभर आकडे मोजतो ते, यात फरक काय? दोन्हींनी लक्ष धडधडीवरून हटतं. श्वासाला लय लागते. मग श्वास काम करतो की देव?

---

सुरूबनातली

राग कसला. मीही हा प्रश्न स्वतःला विचारलाय.

श्वासाला लय लागते हे खरंच, आणि त्याचा उपयोग होतो हेही खरं. देवाने शरीरच तसं घडवलंय असं मी म्हणेन, तुम्ही निसर्गाने म्हणाल. पण आकडे मोजताना तुम्ही कोणाशी बोलत नाही. मिठागरांमध्ये मला छळायचा तो एकटेपणा. धडधड घरीही व्हायची, पण तिथे आई असायची, भाऊ असायचा. त्या पट्ट्यात मी नाव घेऊन हाक मारते आणि ती ऐकली जाते यावर माझा विश्वास आहे. लक्ष हटवायचं असतं तर कानात गाणी घातली असती. ती घालून पाहिली, उपयोग झाला नाही.

---

मनोवैद्य

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करतो. ताईंच्या समुपदेशकांनी जे करवून घेतलं ते शास्त्रशुद्ध आहे, म्हणून त्यामागचं कारण थोडं सविस्तर लिहितो.

पॅनिकमध्ये धोका बाहेर नसतो. माणूस घाबरतो ते शरीराच्या आतल्या खुणांना. ठोके वाढले की मेंदू त्याचा अर्थ "झटका आला" असा लावतो. त्या विचाराने अॅड्रेनालिन आणखी सुटतं, ठोके आणखी वाढतात आणि मेंदूला आपलं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटतं. जोडीला माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटांना मुंग्या, चक्कर, अंधारी ही लक्षणं पुष्कळदा त्यातूनच येतात. रुग्णाला मात्र वाटतं की हृदय बंद पडतंय. अशी लाट काही मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरते. ओसरण्याआधीच माणूस तिथून पळ काढतो किंवा पाणी, गोळी, नाडी असा आधार शोधतो. मग "आधार होता म्हणून वाचलो" एवढाच धडा मेंदू घेतो.

म्हणून उपचारात त्याच खुणा मुद्दाम, सुरक्षितपणे निर्माण करतात. खुर्चीत गरगर फिरवतात, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावतात, जागच्या जागी पळायला लावतात. ठोके वाढले आणि काही वाईट झालं नाही, हा अनुभव शरीराला पुन्हा पुन्हा द्यायचा असतो. धावण्यात तो आपसूक मिळतो. घड्याळातला ठोक्यांचा आकडा बंद करायला सांगितलं त्याचं कारणही हेच. सतत तपासत राहणं हे भीतीचं खाद्य आहे.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगतो. ताईंच्या सगळ्या तपासण्या आधी झाल्या होत्या. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तपासणीशिवाय "हे पॅनिकच आहे" असं स्वतःच ठरवून पळायला लागू नका. श्रम करताना छातीत दाब येणं, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरणं, पळता पळता शुद्ध जाणं, यातलं काहीही झालं तर थांबायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

प्रार्थनेबद्दल माझं मत विचाराल तर, रुग्ण प्रार्थना कशासाठी करतो हे मी पाहतो. "हे थांबव, हे थांबव" असा धावा सुरू असेल तर तोही नाडी मोजण्यासारखाच एक आधार होऊन बसतो. ताईंची "बरोबर राहा" ही प्रार्थना भीतीला येऊ देते. उपचाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

---

दृढ_विश्वास

बहिणीची साक्ष वाचून आनंद झाला. पण स्पष्ट लिहितो. पवित्र शास्त्रात "भिऊ नको" हे 365 वेळा आलंय, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. देव जर रोज सांगतोय भिऊ नको, तर भिणं ही आज्ञा मोडणंच झालं. पूर्ण प्रीती भीती घालवून टाकते असं योहान लिहितो. गोळ्या, समुपदेशन हे जगाचे उपाय. बहिणीने उपास आणि प्रार्थनेत राहावं, गोळ्या सोडून द्याव्या. प्रभू पूर्ण बरं करतो, अर्धवट नाही.

---

मनोवैद्य

गोळ्या अचानक सोडू नका. हे मी ताईंना आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय. डोस कमी करायचा तर तो लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, हळूहळू. एकदम बंद केल्या की चक्कर, अस्वस्थपणा, झोप उडणं असा त्रास होतो आणि मूळ आजार उलटून येऊ शकतो.

---

नगरी_पाळकपुत्र

सर्वांना सलाम. मी अहमदनगरचा, म्हणजे आता अहिल्यानगरचा. वडील खेडोपाडीच्या ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू होते, त्यामुळे शास्त्र घरातच ऐकत वाढलो.

दृढ_विश्वास भाऊ, आधी तो 365 चा आकडा. व्हॉट्सअॅपवर तो फार फिरतो, पण शास्त्र उघडून मोजायला बसलात तर तेवढा भरत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे "भिऊ नको" हे शास्त्रात बहुतेक वेळा कोणाला सांगितलंय ते बघा. आधीच थरथरणाऱ्या माणसाला. मरीयेला, मेंढपाळांना, वादळातल्या शिष्यांना. रडणाऱ्या लेकराला आई "रडू नको" म्हणते तेव्हा ती त्याच्यावर आज्ञाभंगाचा ठपका ठेवत नसते.

योहानाचं वचनही पुढेपर्यंत वाचा. तिथे भीती म्हणतात ती शिक्षेची, न्यायाच्या दिवसाची. भाईंदरच्या खाडीवर धडधडणाऱ्या छातीबद्दल ते वचन नाही.

आता धावण्याचं. शास्त्रात धावणारी माणसं पुष्कळ, पण माझा सगळ्यात लाडका एलीया. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 18 वा अध्याय. हा संदेष्टा कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहतो, जिंकतो, आणि भर पावसात कंबर कसून अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावत जातो. पंचवीस-तीस किलोमीटरांचं ते अंतर. पान उलटा, 19 वा अध्याय. ईजबेल राणी निरोप पाठवते की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. आणि काल रथापुढे धावणारा हाच माणूस जीव घेऊन पळतो. पार दक्षिणेला बैर-शेब्याला जातो, चाकराला तिथे सोडतो, एकटाच रानात शिरतो, एका झुडपाखाली बसून म्हणतो, देवा, आता पुरे, माझा प्राण घे.

देव काय करतो? रागावत नाही. विश्वास कुठे गेला म्हणून विचारत नाही. त्याला झोपू देतो. मग दूत येऊन हात लावतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा लोटा. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला घालतो, कारण पुढची मजल लांबची आहे. होरेब डोंगरावरचा देवाचा तो मंद वाणीचा संवाद या सगळ्यानंतर येतो. भीतीने मोडलेल्या माणसाला देवाने पहिल्यांदा झोप, अन्न, पाणी दिलं. मग आजच्या माणसाला त्याच देवाने डॉक्टर आणि गोळी दिली तर ते जगाचं आणि हे देवाचं, अशी वाटणी आपण कोणत्या अधिकाराने करायची?

मी स्वतः पळतो ते अंधाराच्या भीतीमुळे. लहानपणी विहिरीत पडलो होतो, रात्र तिथेच काढली. पुढे मोठेपणीसुद्धा दिवा लावल्याशिवाय झोप नाही. लग्न झाल्यावर बायकोला सांगायचीही लाज वाटली. आता पहाटे अंधार असतानाच शेताच्या रस्त्याने निघतो. उपासना संगीत या आमच्या भजनांच्या पुस्तकातली ना. वा. टिळकांची भजनं म्हणत पळतो. रेव्हरंड टिळकांचं या मातीवर मोठं ऋण आहे. त्यांनी येशूला अभंगात आणलं म्हणून तो आम्हाला परका वाटला नाही. टाळाच्या ठेक्याची चाल पायांना लागली की अंधारात दहा पावलांपुढचं दिसत नसलं तरी चालतं. धाप लागून शब्द तुटले तर वेग कमी करायचा, एवढाच माझा नियम.

---

गोदाकाठची

मी नाशिकची. ख्रिस्ती नाही, पण ताईंनी आग्रह केला म्हणून लिहिते.

मला कुत्रं चावलं होतं, पोटरीला. त्यानंतर कित्येक दिवस रस्ता ओलांडून पलीकडे कुत्रं दिसलं तरी पाय लटपटायचे. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर गोल गोल पळणं सुरू केलं, तिथून हळूहळू गंगापूर रोडला आले. आजीने शिकवलेली रामरक्षा म्हणत पळायचे. "आत्तसज्जधनुषा" आलं की राम-लक्ष्मण धनुष्य घेऊन पुढे चाललेत असंच वाटायचं. त्यामुळे ताईंचं "बरोबर राहा" मला लगेच कळलं.

पण मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. सगळ्या भीती जिंकायच्या नसतात. पहाटे पाचला निर्जन रस्त्यावर मागून मोटरसायकल हळू झाली की मला जी भीती वाटते ती आजार नाही, ती माझी राखण आहे. "देवावर हवाला ठेवून एकटी जा" असं कोणी मला सांगितलं तर मी ऐकणार नाही. आम्ही चौघीजणी मिळून पळतो, दिव्यांचा रस्ता सोडत नाही, घरी लोकेशन पाठवतो. मिठागरांमधला एकटीचा पट्टा वाचून, खरं सांगते, मला काळजीच वाटली.

---

सुरूबनातली

गोदाकाठची, तुझी काळजी मनाला लागली गं. त्या पट्ट्यात मी अंधारात कधीच जात नाही, उजाडल्यावरच. भाऊ सायकल घेऊन क्रुसापाशी थांबतो. हे मूळ लेखात लिहायला हवं होतं, कारण वाचून एखादी खरंच एकटी जाईल. बायांनो, जाऊ नका.

रामरक्षेबद्दल. आजीच्या तोंडून शिकलेलं असं पायांत उतरतं हे फार सुंदर आहे. तरी माझं मन मोकळं करते. आपलं दोघींचं सगळं एकच आहे असं मी म्हणणार नाही, तुलाही ते नको असेल. तुझा राम धनुष्य सज्ज करून पुढे चालतो, राखण करतो. मला ज्याने धीर दिला तो त्या रात्री निःशस्त्र होता, घामाने निथळत होता, मित्र झोपून गेले होते. पेत्राने तलवार उपसली तर त्याने ती म्यानात घालायला लावली. मला राखणदार हवा होता तेव्हा माझी प्रार्थना अडकून पडली होती. माझ्यासारखाच घाबरलेला सोबती मिळाला तेव्हा पाय हलले. हे माझ्यापुरतं.

---

गोदाकाठची

अगदी पटलं, ताई. आणि भाऊ सायकलवर आहे हे वाचून बरं वाटलं.

---

मनोवैद्य

कुत्र्याचा विषय निघालाच आहे तर पळणाऱ्यांनी लक्षात ठेवा. चावा किंवा नख लागलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काहीही भरू नका. आणि रेबीजच्या लसीचे सगळे डोस पूर्ण करा.

---

स्कॉटलंडवासी

मूळचा ठाण्याचा, आता बरीच वर्षं एडिंबरात. धावणं आणि ख्रिस्ती विश्वास म्हटलं की इथे पहिलं नाव एरिक लिडेलचं निघतं. तो एडिंबरा विद्यापीठात शिकला, स्कॉटलंडकडून रग्बीही खेळला. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. प्रभूच्या दिवशी धावणार नाही म्हणून त्याने आपली हातखंडा शर्यत सोडली. मग 200 मीटरमध्ये कांस्य, आणि 11 जुलैला 400 मीटरमध्ये 47.6 सेकंदांत सुवर्ण. बाहेरच्या टोकाची लेन, म्हणजे बाकीचे सगळे धावपटू पाठीमागे, कोणाचाच अंदाज नाही. तो सुरुवातीपासून जीव तोडून पळाला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला.

हे लोकांना माहीत असतं. पुढचं आयुष्य फार जण सांगत नाहीत आणि या धाग्याला तेच लागू आहे. त्याचा जन्मच चीनमधला, तिएनत्सिनचा, 1902 चा. आईवडील मिशनरी. तोही 1925 मध्ये शिक्षक म्हणून तिकडे परतला. युद्ध चिघळलं तेव्हा 1941 मध्ये गरोदर बायको आणि दोन मुलींना त्याने कॅनडाला पाठवलं. तिसऱ्या मुलीला त्याने कधी पाहिलंच नाही. 1943 मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत टाकलं. तिथे मुलांना विज्ञान शिकवायचं, खेळ घ्यायचे, म्हाताऱ्यांचं सामान वाहायचं हे तो करत राहिला. शेवटच्या काळात मात्र भयंकर डोकेदुखी आणि खिन्नतेने तोही खचला. छावणीतल्या डॉक्टरांना ते मानसिक ताणाने झालं असं वाटलं. 21 फेब्रुवारी 1945 ला तो गेला, वय 43. नंतर कळलं की मेंदूत गाठ होती.

दृढ_विश्वास, तुम्हाला मी आदराने विचारतो. ऑलिम्पिकचं सुवर्ण ज्याने विश्वासापायी पणाला लावलं, त्या माणसाचं मन त्या छावणीत खचलं तेव्हा त्याचा विश्वास कमी पडला होता असं तुम्ही म्हणाल का?

---

दृढ_विश्वास

लिडेलबद्दल असं कोणी म्हणू शकणार नाही. गोळ्या सोडा हे मी लिहायला नको होतं, ते मागे घेतो. पण प्रभू पूर्ण बरं करू शकतो यावर मी ठाम आहे. मी स्वतः व्यसनातून एका रात्रीत बाहेर आलोय. जे अनुभवलं ते कसं नाकारू?

---

नगरी_पाळकपुत्र

नाकारू नका, भाऊ. ती तुमची साक्ष आहे आणि मी ती मानतो. फक्त एका रात्रीत सुटलेल्याने वर्षानुवर्षं झगडणाऱ्याला मोजायला जाऊ नये.

पौलाचं बघा. शर्यतीत धावणाऱ्यांचा दाखला तो करिंथकरांना लिहितो, पहिल्या पत्राच्या 9 व्या अध्यायात. करिंथजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरायचे, त्यामुळे धावपटू आणि विजेत्याचा कोमेजणारा मुकुट त्या लोकांच्या रोजच्या बोलण्यातले. पण त्याच पत्रात, 2 ऱ्या अध्यायात, तो कबूल करतो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेला होतो, थरथरत होतो. प्रेषितांच्या कृत्यांत तर त्याच गावात प्रभू त्याला रात्री दर्शन देऊन भिऊ नको, बोलत राहा म्हणतो. घाबरलेल्या माणसानेच "असे धावा की बक्षीस मिळेल" हे लिहिलंय, हे कळल्यापासून मला ते वचन जास्त जवळचं झालं.

---

वांद्रेकर

सुरेख धागा. लिडेलवरून एक व्यवहाराचा प्रश्न. मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या रविवारी, वसई-विरारची डिसेंबरात, तीही रविवारीच आणि वर नाताळाआधीच्या आगमनकाळात. तुम्ही मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेचं, काय करता? मी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जातो. तो रविवारचाच धरला जातो, त्यामुळे मन शांत असतं. पण घरी वडील म्हणतात की सोयीसाठी देवाचा दिवस सरकवतोस.

---

नगरी_पाळकपुत्र

आमच्याकडे शनिवारची सोय नाही आणि असती तरी मी गेलो नसतो. रविवारी सकाळी मंडळी एकत्र जमते, त्यात माझी जागा रिकामी राहावी असं वाटत नाही. त्यामुळे मी स्पर्धांना जातच नाही. हा माझा निर्णय, इतरांवर लादत नाही. मात्र वडिलांच्या मनातलं दुखणं समजून घ्या, वांद्रेकर. लिडेलने जे सोडलं ते आपल्याला सोडावंसं का वाटत नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला तर तो रास्त आहे.

---

सुरूबनातली

मी शनिवारच्या मिस्साला जाते आणि वसईची अर्धमॅरेथॉन पळते. इथे माझं पाळकपुत्रांशी जमणार नाही. त्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा आमच्या धर्मग्रामातले (चर्चच्या हद्दीतले) लोक पाणी, संत्र्याच्या फोडी घेऊन उभे असतात, म्हाताऱ्या बाया टाळ्या वाजवतात. वर्षानुवर्षं ज्या छातीला मी कोंडून ठेवलं, ती घेऊन त्या सगळ्यांच्या मधून पळणं हे मला देवाच्या दिवसाला शोभणारंच वाटतं.

---

नवखी_पळणारी

पहिल्यांदाच लिहितेय. मलाही गेली काही वर्षं असंच होतं. तपासण्या नॉर्मल आहेत, डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली आहे. पण पळायला सुरुवात केली की अर्ध्या मिनिटात घाबरून थांबते. सुरुवात नेमकी कशी केलीत, ताई? आणि प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत, तेव्हा काय करता?

---

सुरूबनातली

अर्धं मिनिट जमतं ना, मग अर्ध्या मिनिटानेच सुरुवात कर. अर्धं मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं पाच-सहा वेळा. बरोबरच्या माणसाशी बोलता येईल इतकाच वेग. आठवडाभर त्यात काही वाढवू नकोस. थांबावंसं वाटेल तेव्हा एकदम थांबून बसू नको, चालत राहा आणि धडधड आपली आपण खाली येते ती बघ. पहिले काही दिवस कोणाला तरी बरोबर ने, मग त्याला थोडं लांब उभं कर, मग आणखी लांब. माझा भाऊ आधी शेजारी पळायचा, आता क्रुसापाशी असतो. तुझ्या समुपदेशकांना हा बेत दाखव, त्या तुझ्याप्रमाणे बदलून देतील.

शब्द सुचत नाहीत तेव्हा मी फक्त नाव घेते. "येशू." श्वास आत, श्वास बाहेर. तेही होत नसेल तर स्तोत्र 23 मधली एकच ओळ धर, मृत्यूच्या छायेच्या दरीतून जातानाही तू माझ्याबरोबर आहेस, ती. दरी टळेल असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही.

कुठे राहतेस? वसई, नालासोपारा, विरारकडे असशील तर मला निरोप पाठव. शनिवारी आम्ही काहीजणी सकाळी साडेसहाला सुरूच्या बागेजवळ जमतो. हळूच पळतो, कोणालाही मागे टाकून जात नाही.

---

नवखी_पळणारी

नालासोपाऱ्यालाच राहते. निरोप पाठवलाय. या शनिवारी येते, बरोबर नवऱ्यालाही आणते.